साल्व्हिया : निवड आणि निगा

हिंवाळ्यांतील एखाद्या सकाळीं पुण्या-मुंबईच्या सार्वजनिक बागेंत फिरावयास गेलेल्या माणसाची नजर एका ठिकाणीं हटकून थांबते. हिरवळीच्या कडेला वीत-दीड वीत उंचीचीं झुडपें ओळीनें उभीं असतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर लालभडक तुरे डोलत असतात. दुरून पाहतां, कोणीं तरी गवतावर कुंकवाचा सडा घातला आहे, असा भास होतो. माळ्यास नांव विचारावें, तर तो 'साल्व्हिया' असें सांगतो. घरीं परततांना वाटेवरच्या रोपवाटिकेंत तेंच फूल पुन्हां दृष्टीस पडतें. काळ्या पिशव्यांतील चार रोपें विकत घेतलीं जातात आणि गॅलरीच्या कठड्याशीं मोठ्या हौसेनें मांडलीं जातात. आठ-पंधरा दिवस घराला शोभा येते. मग खालचीं पानें पिवळीं पडूं लागतात, तुरे फिकटतात, आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोंच कुंड्यांत नुसत्या काटक्या उरतात. त्या काटक्यांकडे पाहून घरची गृहिणी सुस्कारा टाकते आणि म्हणते, "आपल्या हाताला झाडच लागत नाहीं."

हा निकाल अन्यायाचा आहे. झाडाच्या बाबतींत हाताच्या गुणापेक्षां निवडीचा आणि वेळेचा गुण मोठा असतो. जें रोप फुलांच्या ऐन भरांत असतांना विकत घेतलें, त्याच्या आयुष्याचा उत्तम काळ रोपवाटिकेंतच सरलेला असतो. चिमूटभर मातींत त्याचीं मुळें गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलेलीं असतात. घरीं आल्यावर त्यास दिवसांतून दोनदां पाणी मिळालें, तें मायेपोटीं. पण ती मायाच त्याला भोंवते. साल्व्हिया हें झाड नाजूक आहे, असा समज त्यामुळें उगीच पसरला आहे. त्याची खरी ओळख करून घेतली, घरच्या जागेस कोणती जात मानवेल हें आधीं पाहिलें आणि हंगाम साधला, तर हेंच झाड दिवाळीनंतर फुलावयास लागून होळीपर्यंत घराची सोबत करतें.

ही ओळख वाटते तितकी परकी नाहीं. अंगणांतील तुळशीची एक काडी आणि साल्व्हियाची एक काडी शेजारीं शेजारीं धरून पाहावी. दोहोंचेंही खोड बोटांत फिरवलें असतां चौकोनी लागतें. दोहोंचींही पानें समोरासमोर जोडीनें येतात, आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असली तर तिच्या वरची दक्षिणोत्तर असते. दोहोंचींही फुलें मंजिरीसारख्या तुऱ्यावर वलयावलयांनीं लागतात आणि प्रत्येक फुलास वर एक व खालीं एक असे दोन ओठ असतात. तुळस, पुदिना, मरवा, सब्जा हीं सारीं एकाच कुळांतील भावंडें. साल्व्हिया हें त्याच कुळांतील सर्वांत मोठें घराणें. त्याच्या सुमारें एक हजार जाति वनस्पतिशास्त्रास ठाऊक आहेत. त्यांपैकीं निम्म्याच्या आसपास मध्य व दक्षिण अमेरिकेंतील असून बाकीच्या भूमध्य समुद्राच्या कांठीं, मध्य आशियांत आणि चीन-जपानकडे पसरलेल्या आहेत. हिमालयाच्या उतरणीवर, काश्मीरकडे, कांहीं जाति रानांत आपोआप उगवतात.

'साल्व्हिया' हें नांव लॅटिन भाषेंतील असून त्याच्या मुळाशीं वांचविणें, बरें करणें हा अर्थ आहे. भूमध्य समुद्राकांठचे लोक ह्या घराण्यांतील एका झुडपाचीं करड्या रंगाचीं सुवासिक पानें औषधांत आणि स्वयंपाकांत वापरीत आले; इंग्रज लोक त्यास 'सेज' म्हणतात. लिनिअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं वनस्पतींच्या नामकरणाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत साऱ्या घराण्यालाच हें जुनें नांव त्यानें कायम केलें. गंमत अशी, कीं हें घराणें अजूनही वाढतें आहे. रोझमेरी ह्या सुवासिक झुडपाचें बिऱ्हाड इतकीं वर्षें वेगळें मानलें जात होतें. २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं नात्याची नव्यानें तपासणी करून तेंही साल्व्हियांतच आणून बसविलें.

हजार जातींपैकीं महाराष्ट्रांतील घरगुती बागेस उपयोगी पडतील अशा जाति मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यांचे स्वभाव एकमेकांहून अगदीं निराळे आहेत, आणि निवडींतली बहुतेक चूक होते ती सर्वांना एकाच मापानें मोजल्यामुळें.

पहिला मान अर्थातच लाल साल्व्हियाचा. शास्त्रीय नांव 'साल्व्हिया स्प्लेन्डेन्स'. मूळ गांव ब्राझील. तेथील दमट डोंगराळ प्रदेशांत हें झुडूप चार फुटांपर्यंत वाढतें. १८२२ च्या सुमारास तें युरोपांतील बागांत आलें, आणि तेथील माळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करीत त्यास आजचें बुटकें, गच्च फुलणारें रूप दिलें. बाजारांत मिळणारें वीतभर उंचीचें रोप तें हेंच. ह्याच्या शोभेचें रहस्य असें, कीं जें लाल दिसतें तें सारें फूल नव्हे. खरें फूल म्हणजे तुऱ्यांतून बाहेर आलेली लांबट नळी. ती थोड्याच दिवसांत गळून पडते. परंतु तिच्या बुडाशीं असलेला पुष्पकोशही तितकाच लाल असतो, आणि तो आठवडेच्या आठवडे तुऱ्यावर टिकून राहतो. म्हणून फुलें गळालीं तरी ताटवा लालच दिसतो. जांभळ्या, पांढऱ्या व फिकट गुलाबी रंगाचे प्रकारही मिळतात. मात्र हे सौम्य रंग उन्हानें लवकर विटतात, म्हणून त्यांना दुपारची सांवली अवश्य द्यावी. ब्राझीलच्या दमट डोंगरांत जन्मलेल्या ह्या झाडास मार्च-एप्रिलचें कोरडें ऊन सोसत नाहीं आणि आषाढांतील धो धो पाऊसही सोसत नाहीं. हा हिंवाळ्याचा पाहुणा आहे. त्यास पाहुणा म्हणूनच बोलवावें आणि पाहुणा म्हणूनच निरोप द्यावा.

दुसरी जात 'साल्व्हिया कॉक्सिनिया'. हीही लालच, परंतु अंगकाठी निराळी. फुलें विरळ, नाजूक आणि एकमेकांपासून अंतर राखून. झुडूप दोन-अडीच फूट उंच, वाऱ्यावर हलणारें. ही मूळची मेक्सिको व लगतच्या उष्ण प्रदेशांतील असून आतां जगांतल्या साऱ्या उष्ण देशांत, हिंदुस्थानांतही, रुळलेली आहे. ताटव्यांत ती लाल साल्व्हियाइतकी भरगच्च दिसत नाहीं, म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे पाहत नाहींत. परंतु जिच्या गॅलरींत दुपारी ऊन येतें आणि जिला रोज झाडांपाशीं घटकाभर बसावयास सवड नाहीं, अशा गृहिणीनें हिलाच जवळ करावें. ऊन सोसते, पाण्याची एखादी पाळी चुकली तर रागावत नाहीं, आणि एकदां रुजली कीं तिचें बीं आपोआप पडून पुढल्या वर्षीं कुंडीच्या आसपास रोपें उगवतात. हिच्या निवडक प्रकारांपैकीं 'लेडी इन रेड' ह्यास अमेरिकेंतील नव्या वाणांच्या पारखींत १९९२ सालीं पारितोषिक मिळालें. कोवळ्या केशरी-गुलाबी रंगाचा प्रकारही फार गोजिरा दिसतो.

तिसरी निळी, 'साल्व्हिया फॅरिनेशिया'. नांवांतच पिठाचा उल्लेख आहे, कारण हिच्या तुऱ्यावर व पुष्पकोशांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी लव असते. मूळ टेक्सास व मेक्सिको. हिंवाळी बागेंत पिवळ्या, तांबड्या, केशरी रंगांची गर्दी असते. झेंडू, शेवंती, झिनिया ह्यांच्या त्या गलबल्यांत ही निळी काठी डोळ्यांना थंडावा देते. हिची वाढ संथ असते. बीं पेरल्यापासून फूल येण्यास तीन-साडेतीन महिने लागतात. परंतु एकदां जम बसला कीं फुलणें थांबत नाहीं, आणि छाटून घेतली तर एकाहून अधिक वर्षें टिकते. तुरे कापून पाण्यांत ठेवले तरी टिकतात, वाळवले तरी रंग राखतात. उन्हाळा काढण्याची हिची ताकद लाल साल्व्हियापेक्षां पुष्कळ मोठी आहे.

चौथी स्वयंपाकांतली 'सेज', म्हणजे 'साल्व्हिया ऑफिसिनॅलिस'. फुलांपेक्षां पानांसाठीं लावावयाची. हिला कोरडी हवा, भरपूर ऊन आणि पाणी झरझर निथळणारी रेताड माती लागते. कोंकणच्या पावसाळ्यांत ही उघड्यावर टिकणें कठीण; देशावर पत्र्याखालीं किंवा सज्ज्याच्या आडोशाला ठेविली तर निभावते. थंड हवेच्या ठिकाणीं ज्यांचें घर आहे त्यांनीं 'साल्व्हिया ल्यूकॅन्था' ही मखमली जांभळ्या तुऱ्यांची मेक्सिकन जातही लावून पाहावी. तिचें झुडूप चार फूट पसरतें, म्हणून तिला कुंडीपेक्षां जमीन बरी.

येथें एक खुलासा करणें आवश्यक आहे. अलीकडे दुकानांत 'चिया' नांवाचें जें बीं मिळतें, तेंही साल्व्हियाच्याच एका मेक्सिकन जातीचें, 'साल्व्हिया हिस्पॅनिका'चें. फालुद्यांत घालतात तो सब्जा मात्र तुळशीच्या जातीचा. दोन्ही बियांवर पाणी पडतांच भोंवतीं बुळबुळीत आवरण फुगतें, म्हणून दोहोंची गल्लत होते. खावयाचें झाल्यास दोन्ही नीट भिजवून, फुगवूनच खावीं. आणि नात्यानें औषधी घराण्यांतली आहे म्हणून बागेंतल्या लाल-निळ्या शोभेच्या साल्व्हियाचा काढा करण्याच्या फंदांत कोणीं पडूं नये. नांवांत बरें करण्याचा अर्थ असला, तरी घराण्यांतील प्रत्येक जण वैद्य नसतो.

जात ठरविण्यापूर्वीं जागेची परीक्षा करावी. त्यासाठीं कांहींही खर्च नाहीं. सुटीच्या एका दिवशीं सकाळीं आठ, दुपारी बारा आणि चार वाजतां ऊन कोठें पडतें एवढें पाहून ठेवावें. पूर्वेची गॅलरी असेल, सकाळचें चार-पांच तास ऊन आणि नंतर सांवली मिळत असेल, तर लाल साल्व्हियास ह्याहून चांगली जागा नाहीं. पश्चिमेचें तापट ऊन किंवा उघडी गच्ची असेल, तर कॉक्सिनिया आणि निळी निवडावी. जेथें दिवसाकाठीं तीन तासही ऊन येत नाहीं, तेथें साल्व्हियाचा नादच सोडावा; रोप लांबुडकें होऊन एका बाजूस झुकेल आणि फुलें तुटक येतील. अशा जागीं दुसरीं पुष्कळ शोभेच्या पानांचीं झाडें सुखानें नांदतात.

आतां लागवड. रोप तयार घ्यावें कीं बीं पेरावें? वेळ अगदींच नसेल तर तयार रोप घेण्यांत कमीपणा नाहीं, परंतु घेतांना डोळ्यांना मोहविणारें घेऊं नये. भरगच्च फुललेलें रोप बाजूस ठेवून ज्यावर नुकती कळी दिसूं लागली आहे असें बुटकें, फांद्यांचें रोप मागावें. पान उलटून खालची बाजू पाहावी. पांढरी माशी किंवा बारीक जाळें दिसलें तर तें रोप तेथेंच ठेवावें. पिशवीच्या भोंकांतून मुळ्यांचा झुपका बाहेर आला असेल, तर तें रोप फार दिवस अडकून पडलेलें आहे असें समजावें. घरीं आणल्यावर लगेच कुंडींत न लावतां दोन-तीन दिवस सांवलींत ठेवावें, आणि लावतांना मुळांचा गुंता बोटांनीं हलकेच सैल करावा.

परंतु खरा आनंद बीं पेरण्यांतच आहे. काल ठरविण्यास पंचांग फार सोयीचें. पुणें, नाशिक, नगर, सातारा ह्या बाजूस पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंतचा काळ उत्तम. मुंबई व कोंकणपट्टींत पाऊस साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीस मागें सरतो. तेथें बीं आडोशाला पेरून रोपें उघड्यावर आणण्याची घाई करूं नये, कारण ऑक्टोबरचा उकाडा कोवळ्या रोपांना पावसाइतकाच जाचतो. विदर्भांत थंडी कडक पडते आणि उन्हाळाही लवकर तापतो. म्हणून तेथें पेरणी लांबवूं नये. निळी साल्व्हिया संथ असल्यानें तिचें बीं सर्वत्र महिनाभर आधीं पेरावें.

साल्व्हियाचें बीं फार दिवस ठेवलें असतां उगवण घटते, म्हणून पाकिटावरील तारीख पाहून ताजेंच घ्यावें. एका ग्रॅमांत लाल साल्व्हियाच्या सुमारें अडीचशेंहून अधिक बिया असतात. तेव्हां एका घराला चिमूटभर बीं पुरून उरतें. पसरट कुंडी किंवा बुडाला भोंकें पाडलेला खोका घ्यावा. त्यांत चाळलेली माती, जुनें कुजलेलें खत आणि वाळू अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणांत मिसळून भरावा. आधीं पाणी देऊन तें पूर्ण निथळूं द्यावें आणि मग बीं वरच्या वर विरळ पसरावें. खोल पुरूं नये. उजेड मिळाला तर ह्या बियांची उगवण चांगली होते. वर दाणा जेमतेम झांकेल इतकीच बारीक वाळू भुरकावी. पाणी ओतूं नये, बारीक फवाऱ्यानें शिंपावें. जोराच्या धारेनें बीं वाहून एका कोपऱ्यांत गोळा होतें आणि ओलें बीं चिकट असल्यानें तेथेंच चिकटून बसतें. हवा एकवीस ते चोवीस अंश सेंटिग्रेड असल्यास दहा ते चौदा दिवसांत कोंब दिसतात.

ह्यापुढचे दोन आठवडे कसोटीचे. काल ताठ उभीं असलेलीं रोपें आज सकाळीं बुडाशीं काळीं पडून आडवीं झालेलीं दिसतात. तें दाट पेरणी, कोंदट हवा आणि अति पाणी ह्यांचें फळ. जमिनींतील बुरशी बुंधा कुजविते. ह्यावर औषधापेक्षां संयम बरा : विरळ पेरावें, माती वरून कोरडी दिसल्यावांचून पाणी देऊं नये, आणि पाणी सकाळीं द्यावें, संध्याकाळीं नव्हे.

पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या, म्हणजे पेरणीपासून साधारण महिना-सव्वा महिन्यानें, रोपें कायमच्या जागीं लावावींत. एका रोपास आठ इंची कुंडी पुरे. वाफ्यांत बुटक्या लाल जातीसाठीं दहा-बारा इंच, निळीसाठीं एक फूट आणि कॉक्सिनियासाठीं दीड फूट अंतर ठेवावें. लहान रोपांमध्यें इतकी मोकळी जागा पाहून ती वायां गेली असें वाटतें. पण दोन महिन्यांनीं तीच जागा पानांना हवा देते.

मातीसंबंधीं पुण्याकडील घरांनीं विशेष सावध राहावें. तिकडची काळी माती चुनखडीची, चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. साल्व्हियास किंचित आम्ल, भुसभुशीत माती आवडते. चुन्याच्या मातींत त्याचीं कोवळीं पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो रोग नसून मातींतील लोह झाडास घेतां येत नाहीं, हें त्याचें कारण. म्हणून दोन भाग पोयटा, एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू असें मिश्रण करावें. शहरांत पुष्कळ इमारतींस बोअरचें क्षारयुक्त पाणी येतें. कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमूं लागला, कीं क्षार सांचत आहेत असें ओळखावें. साल्व्हिया क्षारांच्या बाबतींत फार हळवा आहे. पंधरा दिवसांतून एकदां नळाचें किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी भरपूर घालून तें तळाच्या भोंकांतून वाहून जाऊं द्यावें.

हीच गोष्ट खताची. फुलांसाठीं खत, अशा समजुतीनें मूठ-मूठ रासायनिक खत टाकल्यानें जितके साल्व्हिया मरतात तितके उपाशी राहून मरत नाहींत. शिवाय नत्र अधिक झालें तर पानांचा विस्तार होतो आणि तुरे मागें राहतात. शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस पाण्यांत भिजवून, तें पाणी फिक्या चहाच्या रंगाइतकें पातळ करून, पंधरवड्यांतून एकदां अर्धा पेला द्यावें. तेवढें पुष्कळ होतें.

पाण्याचा नियम बोटानें ठरवावा, घड्याळानें नव्हे. बोटाचें पहिलें पेर मातींत खुपसावें. आंत ओल लागली तर पाणी देऊं नये. साल्व्हियाचीं पानें दुपारी थोडीं मलूल झालीं तर लगेच तांब्या घेऊन धांवूं नये. संध्याकाळीं तीं आपोआप सांवरलीं तर झाड तहानलेलें नव्हतें, उन्हानें दमलें होतें. कुंडीखालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. तें मुळांना घातक आणि डांसांना सोयीचें.

रोप चार-पांच इंचांचें झालें, कीं एक काम मन घट्ट करून करावें लागतें : शेंडा खुडणें. पहिला तुरा येऊं घातलेला असतांना तोच तोडावयाचा, हें हौशी माणसाच्या जिवावर येतें. परंतु शेंडा खुडल्यावर पानांच्या प्रत्येक बगलेंतून फांदी फुटते आणि एका तुऱ्याच्या जागीं चार-सहा तुरे येतात. पुढें तुऱ्यांचा रंग गेला, कीं ते खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापीत जावे. झाडाचा सारा खटाटोप बीं धरण्यासाठीं असतो. बीं धरूं दिलें नाहीं तर तें पुन्हां फुलावयास लागतें.

कीड येते ती बहुधा हवा कोरडी झाल्यावर. मावा, पांढरी माशी आणि पानाखालीं जाळें विणणारे लाल कोळी हे तिघे नेहमींचे. रोज सकाळीं दोन पानें उलटून पाहण्याची संवय ठेविली तर त्यांचें राज्य होण्यापूर्वींच तीं सांपडतात. प्रथम साध्या पाण्याच्या फवाऱ्यानें पानांची खालची बाजू धुवावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे थोडे थेंब घालून, खूप ढवळून, ऊन उतरल्यावर शिंपडावें. फुलांवर शिंपडूं नये, कारण तेथें दुसऱ्यांची ये-जा असते.

ही ये-जा हा साल्व्हियाच्या संगोपनांतील सर्वांत रम्य भाग. फुलाच्या दोन ओठांत नळी असते आणि नळीच्या तळाशीं मध. साल्व्हियाच्या फुलांत पुंकेसर दोनच; आणि कांहीं जातींत ते बिजागरीवर बसविल्यासारखे असतात. खालच्या ओठावर मधमाशी उतरून तिनें डोकें आंत घातलें, कीं ती एका टोकास ढकलते आणि तरफेचें दुसरें टोक खालीं येऊन तिच्या पाठीवर परागांचा हात फिरवितें. ती दुसऱ्या फुलावर जाते तेव्हां तेथें वांकून उभी असलेली कुक्षी ते पराग टिपून घेते. जर्मनींतील स्प्रेंगेल ह्या निरीक्षकानें १७९३ सालीं फुलांवरील आपल्या ग्रंथांत ह्या यंत्राचें वर्णन केलें. फूल आणि कीटक हे एकमेकांच्या गरजेनें बांधलेले आहेत, ही गोष्ट त्या काळीं फारच थोड्यांना पटली. पुढें डार्विननें त्याच्या कामाचें मोल ओळखलें. लाल जातींचें फूल मात्र लांब नळीचें, उतरावयास ओटा नसलेलें. तें अमेरिकेंतील हमिंगबर्ड नांवाच्या चिमुकल्या पक्ष्यांसाठीं घडलें. तो पक्षी हिंदुस्थानांत नाहीं. परंतु इकडचा शिंजीर तीच वाट आपोआप शिकला आहे. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गॅलरींतही कॉक्सिनियाच्या काठीवर जांभळा शिंजीर येऊन लटकतो, बांकदार चोंच नळींत घालतो आणि कोणी पडद्याआड हललें कीं चिवचिवाट करून उडून जातो. ज्या घरीं लहान मूल आजारीपणामुळें खिडकीशीं बसून आहे, किंवा ज्या घरीं म्हातारपणानें कोणास जिना उतरवत नाहीं, त्या घरीं ह्या भेटीचें मोल किती, हें त्या घरासच ठाऊक.

होळी झाली, ऊन चढूं लागलें, कीं लाल साल्व्हिया थकतो. येथें पुष्कळ घरें दुसरी चूक करतात. त्यास जगविण्यासाठीं पाण्याचा मारा करतात. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्याचे तास ठरलेले असतात, तेथें ब्राझीलच्या पाहुण्यासाठीं घागरी रिकाम्या करणें शोभत नाहीं, आणि त्यानें तो वांचतही नाहीं. त्यापेक्षां फेब्रुवारींतच दोन-तीन सुदृढ तुरे न कापतां ठेवावेत. पुष्कळ फुलांच्या कोशांत तळाशीं चार-चार बारीक दाणे धरतात. कोश वाळून भुरा पडला, कीं दाणे पिकले. पण ते झटकन गळतात, म्हणून तुऱ्यावर कागदाची पिशवी उलटी बांधून ठेवावी. बीं सांवलींत वाळवून, कागदाच्या पुडींत, जातीचें नांव व साल लिहून कोरड्या डब्यांत ठेवावें. संकरित वाणाचें बीं असेल तर पुढल्या पिढींत उंची-रंगांत फरक पडेल, एवढें लक्षांत असूं द्यावें. कॉक्सिनियाचें साधें बीं सहसा फसवीत नाहीं. निळी साल्व्हिया मात्र उपटूं नये. तिला जमिनीपासून पांच-सहा इंचांवर छाटून, दुपारच्या सांवलींत सरकवून, मोजकें पाणी देत उन्हाळा काढूं द्यावा. पावसाळ्याच्या तोंडीं तिच्या चार-चार इंचांच्या कांड्या वाळूंत खोंचल्या तर मुळेंही फुटतात.

पुण्याच्या एम्प्रेस बागेंत जानेवारी महिन्यांत फुलांचें प्रदर्शन भरतें. १८३० सालीं स्थापन झालेली जुनी उद्यानसंस्था तें भरविते. तेथें मांडलेल्या कुंड्या पाहून थक्क झालेला प्रेक्षक त्यामागें कांहीं गुप्त विद्या असावी असें मानतो. तशी विद्या कांहीं नाहीं. जानेवारींतल्या त्या कुंडीचें काम गणपतीच्या दिवसांत सुरू झालेलें असतें, एवढाच तो भेद.

म्हणून ज्या गृहिणीनें ह्या वर्षीं चार काटक्या कचऱ्यांत टाकल्या, तिनें कुंड्या मात्र टाकूं नयेत. माती उन्हांत पसरून वाळवावी, गुठळ्या फोडाव्यात आणि झांकून ठेवावी. पुढल्या पितृपक्षांत दहा बिया कॉक्सिनियाच्या आणि दहा लालच्या पेराव्यात. वीसांपैकीं आठ रोपें हातीं लागलीं तरी पुष्कळ झालीं. त्यांतलीं चार स्वतःस ठेवावींत आणि चार शेजारीं द्यावींत. पुढें आपल्याकडची मेलीं तरी शेजारच्या घरून बीं परत मिळतें.